हौसेरावांच्या ताकाची रवी

मी एक जुनी रवी आहे, साताऱ्याकडच्या सुताराने घडवलेली, आणि आज माझा आनंद कळंबोलीच्या या दोन खोल्यांत मावत नाही! थांबा मित्रांनो, सगळं सांगते.

वेणूबाई लग्नात मला माहेराहून घेऊन आल्या. रोज घुसळून माझी कंबर झिजली, पण मजा होती. मग मिक्सर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. फार वाईट वाटलं.

वेणूबाईंचे यजमान हौसेराव लोखंड बाजारात माथाडी कामगार. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज आली, आत जखमा झाल्या. रक्त पडे, दिवसातून दहादा धावावं लागे. एवढा दांडगा गडी, पण कामगारांच्या टोळीबरोबर माल उतरवायला ट्रकवर चढायची हिंमत उरली नाही. पुन्हा चढायला मिळेल का, हा एकच घोर त्यांना लागला.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी जरा उतार पडला. मग डॉक्टरांनाच विचारून सून उज्वला त्यांना वैद्य चारुलताबाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "गोळ्या चालूच ठेवा. सोबत मुगाची मऊ खिचडी आणि दुपारी ताजं, लोणी काढलेलं ताक." लोणी काढायचं म्हणजे मी हवीच! मी खाली आले.

हौसेराव तरतरीत झाले. दसऱ्याला त्यांनी माल ओढायच्या आकडीशेजारी मला ठेवून माझीही पूजा केली. मग गोळ्यांचं पाकीट ट्रंकेत टाकत म्हणाले, "आता ह्या कशाला? गुण ताकाचाच हाय." वेणूबाईंनी मान डोलावली. खरं सांगते, मलाही ते पटलं. मी चढूनच गेले होते.

दिवाळीआधीच पुन्हा रक्त सुरू झालं. दवाखान्यात ठेवावं लागलं. वैद्यबाई भेटायला आल्या त्या रागावूनच. "ताक सोबतीला दिलं होतं, हौसेराव. गोळ्यांच्या जागेवर नाही. आता ताक बंद, गोळ्या तेवढ्या घ्यायच्या." मी खिळ्याला टांगली गेले. इतकी लाज मला माळ्यावरही वाटली नव्हती.

त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. परवा दुर्बिणीने आतडं तपासलं. जखमा भरल्यात! डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, वैद्यबाईंनी ताकाला. गोळ्या चालूच. आज वेणूबाई मला हातात घेऊन घुसळत होत्या, तोच टोळीतल्या सयाजीचा फोन आला. "वैनी, दादा चढले ट्रकवर." वेणूबाई रडत हसल्या आणि घुसळतच राहिल्या.

मित्रांनो, माझ्या ताकाचं कौतुक करा, मला ते आवडतं. पण माझ्या भरवशावर कुणाची गोळी बंद करू नका. मला ताक घुसळता येतं, तेवढंच येतं.