ज्योतीरामचे देशी फूल

"स्वतंत्र देशाच्या बागेत देशीच फूल फुललं पाहिजे," असे बजावत ज्योतीरामने नाकाला रुमाल बांधला.

पिंपरीच्या नव्या कारखान्यात तो लागला त्याला दोन वर्षे झाली होती. कायम मात्र झाला नव्हता. कायम करणारे साहेब बागेचे शौकीन. आपल्याकडे उन्हाळ्यात फुलणारं मोठं देशी फूलच नाही, असे ते एकदा म्हणाले आणि ज्योतीरामच्या तोंडून निघून गेले, "आहे ना साहेब. माझ्या दारात." मग तो घाटात जाऊन शेवळाच्या रानफुलाचे दोन कंद उकरून घेऊन आला.

मे अखेरीस त्यातले पहिले फूल उमलले. हातभर उंच, जांभळे, देखणे. वास मेलेल्या घुशीचा.

"दुसरी कळी उद्या उमलेल," तो रुमालातून म्हणाला.

"साहेबही उद्याच यायचेत," त्याची बायको रंभा म्हणाली. "उपटा की."

"शब्द दिलाय."

"मग नोकरी दुसरी बघा."

उमललेले फूल त्याने कुंपणापलीकडे खोल पुरले. कळीला मात्र हात लावेना.

रविवारी सकाळी साहेब आले. ज्योतीराम श्वास रोखून त्यांना वाफ्यापाशी घेऊन गेला. कळीच्या जागी विळ्याने कापलेला देठ होता.

"कुठंय?" साहेबांनी विचारले.

ज्योतीरामने श्वास सोडला. हवा स्वच्छ होती. पुन्हा एकदा घेऊन पाहिली.

शेजारच्या शालनबाई वाटी घेऊन आल्या. त्या पेणच्या.

"रंभावहिनी म्हणाल्या, न्या म्हणून. शेवळाची भाजी आमच्याकडं मटणाला मागं सारते. तिची खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतात, ती इथं कुठली? चिंचेवर भागवलंय."

ज्योतीरामने रंभाकडे पाहिले. ती दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा झटकत होती.

"म्हणजे फूल खायचं असतं?" साहेब म्हणाले.

"देशी आहे साहेब," ज्योतीराम म्हणाला. "वाया काही जात नाही."

साहेबांनी वाटी पुसून खाल्ली आणि खूश होऊन गेले. ते वळणाआड होईपर्यंत ज्योतीराम हात जोडून उभा होता. मग पायरीवर बसला आणि त्याने शालनबाईंकडे उरलेली भाजी मागितली.

साहेबांचा घसा दोन दिवस खाजत होता. बुधवारी ज्योतीराम कायम झाला. त्याच्याबरोबर दोन वर्षांपूर्वी लागलेले सगळेच झाले.