टंगस्टनची लादी

फाल्गुनातली ताम्रवर्णी सकाळ. पठारावरचं कुसळी गवत उन्हाने पिवळंधमक पेटलेलं, कातळाच्या काळ्या पाठीवर पळसाचे आरक्त पुष्पपुंज, आणि त्या साऱ्या तेजोत्सवाच्या मधोमध एक बिनखिडक्यांची, राखाडी भिंतींची प्रयोगशाळा. बाहेर एक सूर्य चढत होता. आत दुसरा पेटायचा होता.

तो आतला सूर्य म्हणजे प्लाझ्मा. वायू तापवायचा, इतका तापवायचा, की अणूंची वस्त्रंच गळून पडावीत. मग त्या दाहोन्मत्त, दिगंबर तेजाला चुंबकांनी अधांतरी धरायचं. पण कितीही जपा, दूध कुठेतरी उतू जातंच. तसा त्याचा ओघ तळाच्या भिंतीला भिडतोच भिडतो. ती भिंत टिकली, तर उद्या माणसाच्या घरात त्या सूर्याचा दिवा लागेल. ती भिंत फुटली, तर केल्या कष्टांची माती.

आणि ती भिंत घडवायची होती शर्वाणी करडेला.

शर्वाणी पुण्याच्या तांबट आळीतली. पिढ्यान्‌पिढ्या बंब, हंडे, घंगाळी घडवणाऱ्या घरातली लेक. धातुशास्त्र शिकलेली, मानी, हट्टी, आणि काय सांगावं, नाकावर माशी बसू न देणारी! वर टंगस्टनची लादी, तिच्या पोटाशी तांब्याची नळी, नळीतून खेळतं थंड पाणी, अशी तिची रचना. टंगस्टन सर्व धातूंत उशिरा वितळणारा. त्याने ताप झेलायचा, अन् तांब्याने तो पाण्याच्या हवाली करायचा. दोघांचा सांधा तिने असा जुळवला, की विभागप्रमुख बर्वे सर म्हणाले, "पोरी, रक्ताचा गुण जात नाही बघ!"

तोच रक्ताचा गुण पुढे आडवा आला.

सरांनी बजावलं होतं, "लादीला बारीक फटी पाड गं. तापली की फुगायला जागा हवी तिला." शर्वाणीच्या अंगावर काटा आला. धातूला फट? ज्या घरात हंड्याला सुईच्या अग्राएवढं छिद्र राहिलं तर तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, घशाखाली घास उतरत नसे, त्या घरच्या लेकीने आपल्या हाताने फट पाडायची? छे, छे! तिने लादी अखंड घडवली; निष्कलंक, दर्पणोज्ज्वल, एकसंध. पहिल्याच दाहात ती उभी-आडवी तडकली.

सरांनी तुकडे वेचून शर्वाणीच्या हातावर ठेवले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

आज दुसरी लादी, आणि शेवटची संधी. हिलाही तडा गेला, तर भिंत परदेशातून विकत यायची आणि शर्वाणीचा गट मोडायचा. या लादीला फटी होत्या. तिने स्वतः पाडलेल्या. दातओठ खात पाडलेल्या, डोळ्यांत पाणी आणून पाडलेल्या, पण पाडलेल्या.

कळ दाबली गेली.

निर्वात कोठीच्या काचेआड आधी एक जांभळी धूसर झुळूक. मग गुलाबी लाट. मग शुभ्र, शुभ्रतर, डोळे दिपवणारी ज्वालाधारा थेट लादीच्या छातीवर. लादी लाल झाली, केशरी झाली, हळदीसारखी पिवळी झाली. फटींमधले तिचे चौकोन फुगू लागले, फटी अरुंद होत गेल्या. शर्वाणीने मुठी आवळल्या. "फुग, बाई, फुग," ती पुटपुटली, "जागा ठेवलीय मी तुला."

धारा वाहत राहिली. लादी जळत राहिली. आणि शर्वाणी उभी राहिली, पापणी न लववता उभी राहिली.

कोठी निवून उघडली तेव्हा दुपार कलली होती. बाहेर आलेल्या लादीची ती रुपेरी कांती कुठल्या कुठे गेली होती. प्लाझ्मातल्या हेलियम वायूच्या माऱ्याने तिच्यावर काळीभोर, मखमली लव उगवली होती. अगंबाई, काय हे रूप! सरांनी भिंग लावलं. एकेक चौकोन पाहिला, एकेक काठ पाहिला, तांब्याचा सांधा पाहिला. मग भिंग खाली ठेवून ते लहान मुलासारखे ओरडले, "एक तडा नाही! शर्वाणी, एकसुद्धा नाही!"

तिची छाती अभिमानाने भरून आली. इतकी, की तिथे थांबवेना. ती पठारावर आली, उन्हात उभी राहिली, आणि तिने घरी फोन लावला.

"अप्पा, टिकली."

"पाणी गळालं?" अप्पांनी एवढंच विचारलं.

"एक थेंबही नाही."

"फटी ठेवून?"

"फटी ठेवल्या म्हणूनच, अप्पा."

फोन हातातच विसरून अप्पा पलीकडे दारात गेले असावेत, कारण त्यांचा खर्जातला आवाज लांबून आला, साऱ्या आळीला उद्देशून, थरथरत, गर्जत: "ऐकलंत का रे! आमच्या शर्वीनं सूर्याला घंगाळ घडवून दिलं!"

आळीतले हातोडे थांबले. मग एक हातोडा पडला. मग दुसरा, मग तिसरा. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारी आळी एका तालात घणघणली, आणि दूर पठारावर, कानाशी फोन धरून, शर्वाणी ते ऐकत राहिली, ऐकत राहिली.