बाटलीत लाडावलेला विषाणू

मी एक विषाणू बोलतोय. नाकावर रुमाल धरू नका. माझ्यामुळे आता कुणाला साधी शिंकसुद्धा यायची नाही, आणि ती का येणार नाही, हीच तर सगळी गंमत आहे.

माझा मूळपुरुष तापाने फणफणलेल्या एका छोट्या मुलीच्या नाकात राहायचा. मोठा शिस्तीचा. पेशीच्या अंगावर आत शिरायची एक ठरावीक कडी असते. ती सापडेपर्यंत तो कशालाही हात लावायचा नाही. एके दिवशी कापसाच्या बोळ्याबरोबर तो प्रयोगशाळेत आला. थोडा बर्फाच्या कपाटात गेला, थोडा बाईंच्या बाटलीत.

बाई म्हणजे इथल्या शास्त्रज्ञ. ती कडी झाकणारं औषध त्या सहा वर्षं घडवत होत्या. कपाटातला मूळपुरुष संपेल या धास्तीने त्याला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. त्यापेक्षा दर सोमवारी जुन्या बाटलीतला थेंब नव्या बाटलीतल्या पेशींवर. तोही जिथे आम्ही सगळ्यात जास्त माजलोय, तिथला.

बाटलीतल्या पेशींना कड्या मोजक्याच, पण अंगभर साखरेची बारीक लव. आमच्या घराण्यात नक्कल करताना चुका फार होतात. तशाच एका चुकीने माझ्या खापरपणज्याला ती लव धरता यायला लागली. बाकीचे कडी शोधत हिंडतायत, तोवर ह्याचा आत संसार थाटून झालेला. सोमवारी थेंब गेला तो त्याच्याच पोरांचा. चाळीस सोमवारांत आम्ही सगळेच लवेला लोंबकळणारे झालो. "किती गुणी आहे हा," बाई म्हणायच्या आणि माझा ऊर भरून यायचा.

मग औषधाची परीक्षा आली. बाईंनी कड्या झाकल्या. मी लव धरून खुशाल आत. पुन्हा परीक्षा, पुन्हा मी आत. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"संपलं, काका. औषध बाद झालं म्हणून कळवते वर."

काका म्हणजे पेशी सांभाळणारे जुने तंत्रज्ञ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बाटलीवरचं लेबल वाचलं.

"चाळिसावी पिढी. बाई, हा त्या पोरीच्या नाकातला राहिलाय कुठे? ह्याला आपण लाडावून ठेवलाय. कपाटातल्याला विचारा की."

"आणि तो संपला तर?"

"औषध संपलं तर?"

बाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

या वेळी नाकातल्या पेशींचे थर मांडले, शेंबडासकट. औषध घातलेल्या थरावर मूळपुरुष दिवसभर कडी चाचपत बाहेरच बसला. औषध नसलेल्या थरात मात्र तो ऐटीत शिरला. शेजारच्या तशाच थरावर मी होतो. वरच्या शेंबडात तसलीच साखर. मी तिलाच मिठी मारून बसलो, पेशीपर्यंत पोचलोच नाही. माझी फजिती बघून मलाच हसू आवरेना. बाईही हसल्या, मग डोळे पुसत वहीत लिहायला लागल्या.

औषध पुढच्या परीक्षेला गेलं. मला आनंद झाला, खरंच. फक्त एक विनंती आहे. तापातल्या मुलीचं दुखणं समजून घ्यायचं असेल, तर माझ्यासारख्या बाटलीत वाढलेल्याची साक्ष काढू नका. मी खोटं बोलणार नाही, पण सांगेन ते बाटलीचंच.

आता काकांनी माझं झाकण सैल करून बाटली निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यात ठेवली आहे. आत फार गरम असतं म्हणतात. धरायला काहीतरी मिळालं म्हणजे झालं.