चिंध्यांचं पोतं जड का झालं

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, कापडाची, चांगली हातभर लांब. आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. तुम्ही इतके गोड हसत जवळ आलात, त्याचंही कारण मी मनातल्या मनात शोधते आहे.

एका लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाणी दिलं. मग मालकीणबाईंनी मला विकत घेतलं. तेव्हा त्या घरातल्या पुढच्या खोलीत एकट्याच शिवत. काम वाढलं, त्यांनी गाळा घेतला, चार मशिनी आल्या, शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं आणि माझ्यासाठी एक मास्तर ठेवला गेला. काय हात होता त्याचा! सहा वर्षं तो मला रोज पुसायचा, तेलाचा थेंब द्यायचा, "माझी राणी" म्हणायचा. आणि एके दिवशी मापांचे सगळे कागद गुंडाळून तो निघून गेला आणि मागच्याच गल्लीत त्याने स्वतःचं दुकान थाटलं. मला टेबलावर तशीच उघडी टाकली. राणी म्हणे!

तेव्हापासून मालकीणबाईंचा आणि माझा स्वभाव एकच झाला. कुणी हसलं, तर का हसलं? कुणी गप्प बसलं, तर का गप्प? नवं माणूस कामावर घ्यायचं म्हणजे त्या पोलिसासारखी उलटतपासणी घेत. आधीचं काम का सुटलं? घरी कोण कोण असतं? मागच्या गल्लीतल्या मास्तरला ओळखतेस का? जाताना रोज पिशवी उघडून दाखवावी लागेल, चालेल?

"चालेल," नवी म्हणाली. असेल तिशीची, अंगाने बारीक. एवढ्या सगळ्यावर कुणी नुसतं "चालेल" म्हणतं का? मला तिथेच शंका आली. परीक्षेसाठी तिला एक बाही कापायला दिली. तिने कापली बरोबर, पण अगदी मुंगीच्या पावलांनी, आणि बोटांना घाम फुटलेला. मालकीणबाईंनाही ते दिसलं. पण शाळा उघडायला महिना राहिला होता आणि तीनशे गणवेश कापायचे होते. त्यांनी तिला ठेवून घेतलं.

मग तिचे प्रकार सुरू झाले. मालकीणबाई आत आल्या की ती मला झटकन खाली ठेवायची आणि खडू उचलायची. त्यांची पाठ वळली की मला पुन्हा उचलायची, पण हात बदलून! सरळ माणूस कशाला हात बदलेल? माझी पाती एकमेकींना नीट लागत नसत, कापड चावलं जाई, बाही वाकडी होई. ती इकडेतिकडे बघायची, वाकडी बाही चिंध्यांच्या पोत्यात तळाशी दडपायची आणि नवी कापायला घ्यायची. मी म्हटलं, वा गं वा! दिवसाढवळ्या!

आमच्या मशीनवाल्या मावशींची नजर घारीसारखी. एकदा नवी घरी गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, कापड पुरत नाहीये हो. आणि ते पोतं उचलून बघा. कुठेतरी पाणी मुरतंय."

मालकीणबाईंनी पोतं उपडं केलं. आतून अख्ख्या बाह्या निघाल्या, एक ना दोन, चांगल्या बावीस.

"चिंध्या म्हणून बाहेर काढायच्या आणि त्या मास्तरकडे पोचवायच्या!" मालकीणबाईंचा चेहरा लाल झाला. "उद्याच घरी बसवते तिला."

"आधी रंगेहाथ पकडा," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी "शाळेत जाऊन येते" म्हणून मालकीणबाईंनी पुढचं दार आपटलं. मग चपला हातात घेऊन त्या मागच्या दाराने आत आल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"काय चाललंय हे?"

नवी दचकली. मी तिच्या डाव्या हातात होते. मला खाली ठेवायलाही तिला वेळ मिळाला नाही.

"या बाह्या कुणासाठी लपवतेस?"

"कुणासाठी नाही, बाई. बिघडल्यात त्या." तिने मला टेबलावर ठेवलं. "मी डावखुरी आहे. उजव्याने दिवसभर नाही कापता येत. आणि डाव्या हातात ही कात्री धरली की पात्याआड खडूची रेघच दिसत नाही."

"अगं, मग आधी सांगायचंस ना!"

"दोन ठिकाणी सांगितलं, तर दारातूनच परत पाठवलं. माझ्या एकटीच्या कामावर घर चालतं, बाई. आणि तुम्ही विचारलंत कुठे? एवढ्या वेळात तुम्ही एवढंच विचारलंत, की मी चोर आहे का."

मावशींचं मशीन थांबलं. मालकीणबाईंनी मला उचललं, स्वतःच्या डाव्या हातात धरलं आणि एक चिंधी कापायला घेतली. चिंधी माझ्या पात्यांत दुमडून अडकली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. माझ्या कडीने त्यांच्या अंगठ्याला वळ उठला.

मित्रांनो, मी लाजेने गार पडले. हात बदललेला मला पहिल्याच दिवशी कळला होता. मी उजव्या हाताची कात्री आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मी म्हटलं, लबाड आहे. बावीस बाह्या मी बिघडवल्या आणि संशय घेतला तो तिचा.

डाव्या हाताची कात्री मागवली, ती यायला बारा दिवस लागले. तोवर नवी खडूने रेघा मारायची आणि मालकीणबाई शेजारी उभ्या राहून मला चालवायच्या. "बाई, यात मालक कोण हो?" मावशींनी विचारलं. "तुम्ही मशीन चालवा," मालकीणबाई म्हणाल्या. गणवेश दोन दिवस उशिरा गेले, शाळेची बोलणी खावी लागली. पण नवी राहिली.

परवा काजं-बटणं करायला एक बाई आली. मालकीणबाईंनी सुरुवात केली, "आधीचं काम का..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तुला काम नीट करायला काय काय लागेल?"

त्या बाईने डोळे बारीक केले. "का हो? कशाला विचारताय?"

मला हसू आवरेना.

आता मी खणात असते. महिन्याकाठी कुणीतरी तेल देतं, तेवढं पुरे. पण उद्या तुम्ही कुणाला कामावर ठेवलंत आणि त्याचं काम वाकडं झालं, तर माझी एक विनंती आहे. त्याच्यावर डोळे वटारण्याआधी, त्याच्या हातात तुम्ही काय दिलंय, ते एकदा स्वतः धरून बघा.