थुंकीचा वाडगा

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे. मित्रांनो, मथळा वाचून नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. ज्याच्यात माणसं थुंकतात, त्याच्याकडे प्रेमानं कोण बघणार!

माझा जन्म लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरात, तांबटांच्या आळीत झाला. हातोडीचे घाव सोसले, कल्हईचे चटके सोसले, तेव्हा कुठे मला रूप आलं. अदला नावाची नवी नवरी मला घेऊन झाहले गावात सासरी आली. तिच्या नवऱ्याचा द्राक्षमळा होता आणि अंगणाखालच्या तळघरात वाइनचे मातीचे रांजण होते. पुढे त्यांना नख्ले झाला आणि आमच्या रीतीप्रमाणे गावानं बापाचं मूळ नाव टाकून दिलं. ते झाले अबू नख्ले, म्हणजे नख्लेचे बाबा, आणि अदला झाली उम्म नख्ले, नख्लेची आई. मुलाच्या नावानं हाक ऐकली की त्यांची मान ताठ व्हायची.

दरवर्षी ईस्टरच्या उपासाआधी घरात वाइन चाखायचा दिवस येई. आधी पांढरी, मग लाल. अबू नख्ले प्रत्येक रांजणातला घोट तोंडात घोळवत आणि माझ्यात थुंकत. पाहुणेही तसंच करत. पण एखादा घोट अबू नख्ले गिळून टाकत. त्यांनी गिळली ती त्या वर्षीची घरची वाइन. ती सगळ्यांनी उभं राहून प्यायची. नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

चव मलाही कळते बरं. पांढरी मला आवडते. तिला ओल्या बदामाचा आणि जरा कच्च्या सफरचंदाचा वास असतो, आणि ती आली तशी निघून जाते. लाल मात्र चिकट स्वभावाची. आंबट चेरी, धूर, जुनं चामडं, सगळं मागे ठेवून जाते आणि घासलं तरी हटत नाही. शिवाय मला नुसती वाइन कधीच मिळाली नाही. औषधविक्या जिर्यसच्या घोटाबरोबर तंबाखू यायची, नुहाद मास्तरीणबाईंच्या घोटाबरोबर लसूण. तरी बाई दरवर्षी म्हणायच्या, "अगंबाई, हिच्यात गुलाब आहे!"

दोन हिवाळ्यांमागे अबू नख्लेंना मोठा ताप आला. जीव वाचला, पण नाक आणि जीभ गेली. हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण व्हिनेगर झालेला घोट त्यांनी पूर्वीच्याच गंभीर चेहऱ्यानं माझ्यात टाकला. मग चुलीवर कॉफी जळली आणि शेजारी बसून त्यांना पत्ता नाही, तेव्हा घरालाही कळलं. ते मात्र कबूल करीनात. तळघराची किल्ली कमरेला तशीच ठेवली. त्या किल्लीवरच नख्लेचा डोळा होता.

"बाबा, आता द्या की मला."

"जीभ गेली की देईन," म्हातारा म्हणायचा.

मित्रांनो, यंदाच्या चाखण्याला नख्लेनं काय केलं ते ऐका. लाल-पांढरी सगळी चाखून झाली आणि मी काठोकाठ भरलो. मला रिकामा करायच्या मिषानं त्यानं मला स्वयंपाकघरात नेलं. परसात नाही ओतलं. फडक्यातून सुरईत गाळलं. सगळ्यांची थुंकी! वर त्यातला एक पेला भरला आणि पाहुण्यांना डोळा मारत तो पेला आणि मला बाहेर आणलं. त्यांच्या कानात तो कुजबुजला. जिर्यसनं हसू दाबायला तोंडात किब्बे, म्हणजे खिम्याचा गोळा, कोंबला. नुहादबाईंनी तोंडाला रुमाल लावला, पण त्याला अडवायला उठल्या नाहीत.

"बाबा, एक रांजण राहिलाच होता. बघा बरं."

अबू नख्लेंनी पेला उजेडात धरला. घोट घेतला, घोळवला. सगळे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. म्हाताऱ्यानं तो घोट गिळला. मग अख्खा पेला रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"हीच," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अदला, आपल्या लग्नाच्या वर्षीची आठवते? अगदी तीच. भरा पेले!"

जिर्यसचं हसू फुटणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अदला पुढे आली. तिच्या हातात सुरई होती. नख्ले गाळत होता तेव्हा तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं आधी स्वतःचा पेला भरला आणि उभ्या उभ्या संपवला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"खरंच हो, अबू नख्ले. तीच."

मग ती एकेकापुढे गेली.

"मला पित्ताचा त्रास आहे, उम्म नख्ले," जिर्यस म्हणाला.

"गोळ्या विकतोस ना? घरी जाऊन घे एक. ऊठ."

तो उठला. नुहादबाईही उठल्या. त्यांना गुलाब लागला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी नख्ले.

"आई, मला नको."

"का रे? बापानं गिळलीय." तिनं त्याचा पेला काठोकाठ भरला. "पी. सगळी."

खरं बोलायची त्याच्यात हिंमत नव्हती. तो प्यायला. घशाखाली उतरेना, तरी प्यायला. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू!

पण माझं हसू तिथंच जिरलं. अबू नख्ले उठले, कमरेची किल्ली सोडली आणि मुलाच्या हातात ठेवली. "मला वाटायचं, तू माझी जीभ गेली म्हणून हसतोस. आज माझ्या शब्दावर तू पेला संपवलास, पोरा. आता घे. तुझीच आहे." आणि त्यांनी नख्लेच्या कपाळाचं चुंबन घेतलं. नख्लेनं तोंड मिटून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कोंबड्यांच्या खुराड्यात फेकलं. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवं चढलं. तिथून ओसरी दिसते. दर रविवारी जेवायला बसताना म्हातारा विचारतो, "नख्ले, त्यातली थोडी उरलीय का रे?"

"संपली, बाबा."

"पुढच्या वर्षी तशीच कर हं."

मित्रांनो, भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करा. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पेल्यात काहीही ओतण्याआधी, त्यातला एक घोट तुम्ही घ्या.