गिधाडदेवाचं नाव कोण घेणार?

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, तोही गिधाडाचा. माझी चोच बघून नाक मुरडू नका, ते सगळ्यांचे आधीच करून झाले आहे. आज मी झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर टांगलेला आहे. देवाशेजारी गिधाड कसे, तेच सांगतो.

माझा जन्म रद्दीच्या लगद्यातून झाला. सहावीतल्या रेवतीने लगद्यात मेथीचे पीठ मळले, तो पालथ्या मडक्यावर थापला आणि उन्हात वाळवला. ओरछ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे जुन्या राजांच्या उंच समाध्यांवर, तिने गिधाडे पाहिली होती. ती इतक्या उंचावर, इतकी शांत बसलेली, की रेवती मान वर करून बघतच राहिली आणि हातातली कुल्फी वितळून गेली. पुढे गणेशोत्सवात कॉलनीतल्या मराठी मुलांनी नाटक बसवले. एका कल्पित देशात प्राण्यांच्या तोंडाचे देव राहतात, असे ते नाटक. सुमेधच्या सिंहाला 'वज्रकेसर' नाव मिळाले, मेघनाच्या मोराला 'नीलतुरा'. माझी पाळी आली आणि हशा पिकला.

"गिद्ध भी कोई भगवान होता है?" सुमेध म्हणाला. "इसका नाम रखो मुर्दाखाऊ महाराज!"

रेवतीचा चेहरा एवढासा झाला. तिने मला गगनसम्राट म्हणून पाहिले, महापंखेश्वर म्हणून पाहिले, दशदिशाधिपतीही म्हणून पाहिले. पदव्या जड आणि मी आतून पोकळ, एकही अंगाला बसेना. मग एका दुपारी मला रंगवता रंगवता तिच्या तोंडून एक नाव आपसूक निघाले. साधे, पण आभाळाएवढे. मला वाटले, हेच माझे.

पडद्याआडून एकेका देवाला हाक मारायचे काम जानकीआजीकडे होते. ती रेवतीच्या आईची आई, गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. मुलांचे मराठी दोन वाक्यांत हिंदीत घसरायचे, आजीचे नाही. तालमीत तिने सिंहाला हाक मारली, मोराला मारली आणि माझ्या नावाशी थांबली.

"आजी, बोलो ना," रेवती म्हणाली.

"मला नाही गं घेता येत."

"क्यों? इतकं तर सोपं आहे!"

आजीने पदर सारखा केला. रेवतीची आई पुढे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "रेवू, तुझ्या तात्याआजोबांचं नाव आहे ते. आजी नवऱ्याचं नाव नाही घेत. दुसरं ठेव."

तात्या रेल्वेचे इंजिन चालवायचे. रेवतीच्या जन्माआधीच ते गेले. सगळे त्यांना तात्याच म्हणत, त्यामुळे खरे नाव तिच्या कानावर कधी पडलेच नव्हते. तिचे डोळे भरून आले. हे नाव गेले की मी पुन्हा मुर्दाखाऊ महाराज होणार, हे तिला कळत होते आणि मलाही.

"बदलू नकोस," आजी म्हणाली. "लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण नाव न घेता माणसाला हाक कशी मारायची, ते मला येतं. जन्मभर तेच केलंय."

प्रयोगाला मंडप भरला. सिंह आला, मोर आला, टाळ्या पडल्या. मग पडद्याआडून आजीचा आवाज आला.

"या. उन्हातान्हात उंच बसणारे, या. सगळ्यांना घरी पोचवून शेवटी स्वतः घरी येणारे, या. दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून जग स्वच्छ ठेवणारे, आणि त्याबद्दल अवाक्षर न काढणारे. ज्यांची चाहूल मला झोपेतही कळायची... ते तुम्ही. या."

रेवतीच्या तोंडावर बसून मी पुढे आलो. सुमेध सिंहाचे तोंड काढून हात जोडून उभा होता. मी तोच लगदा, तीच वाकडी चोच. पण त्या घटकेला मी देव होतो, आणि मला माझीच भीती वाटत होती. मित्रांनो, पदव्या शोधून सापडत नाहीत. ज्याचे नाव ओठांवर आणवत नाही, त्याच्यासाठी त्या आपल्या पायांनी चालत येतात.

पुढे व्हायचे तेच झाले. नव्याचे नऊ दिवस संपले, रेवती शिकायला पुण्याला गेली आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी चोच कुरतडली. एका दिवाळीच्या आवराआवरीत रेवतीच्या आईने मला खाली काढले आणि रद्दीवाल्याला हाक मारली, "भैया, ये भी ले जाओ." तेवढ्यात आजी काठी टेकत आली. "दे इकडे तो," म्हणाली.

दुपारी घरात कुणी नव्हते. आजीने मला मांडीवर घेऊन पुसले, चोचीला खळीने कागद चिकटवला. एकदा दाराकडे पाहिले. मग बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते तशी ती माझ्यावर वाकली आणि नाव घेतले. रेवतीने मला कान केलेच नव्हते. तरी मी ऐकले. आजी एखाद्या नव्या नवरीसारखी लाजली आणि रडलीही.

मित्रांनो, तुम्हीही देव रचाल, त्यांना शिंगे आणि चोची लावाल, मोठमोठी नावे द्याल. जरूर द्या. फक्त खेळ संपला म्हणून त्यांना रद्दीत घालू नका, आत कुणाचे कोण येऊन बसले असेल, सांगता येत नाही.

आणि माझे नाव विचारू नका, मीही ते घेत नाही. रोज सकाळी देवाला फूल वाहून झाले की आजी माझ्याकडे वळते आणि हळूच म्हणते, "अहो." मला तेवढे पुरते.