दुपारची थैली

“एकदा हात लावून बघा, डाक्तर,” नवसाबाई टपालाच्या खिडकीत डोकं घालून म्हणाली. बाहेर बैलगाडीत तिची सून मैना आडवी होती. पहाटे बाळंत झाली, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं.

शहाण्णव सालची गोष्ट. हरसूलच्या अलीकडच्या त्या पाड्यावर तेव्हा फोन नव्हता. काशिनाथ गावित अकरा वर्षं तिथले पोस्टमास्तर होते, तरी लोकांच्या तोंडचं ‘डाक्तर’ काही गेलं नव्हतं. त्याआधी याच खोलीत त्यांचा दवाखाना होता. अशाच अडलेल्या धोंडाबाईला त्यांनी सकाळपर्यंत वाट बघू म्हणून ठेवून घेतलं. सकाळ तिने पाहिली नाही. त्यानंतर त्यांनी कुणाची नाडी धरली नव्हती.

आज धरली. ती बोटांखालून निसटत होती.

“हिला नाशिकला न्या. आत्ताच.”

“कशात नेऊ? गाडीबैलात?”

बाजारचा दिवस. नाशिकला जाणारी दीडची बस हरसूलहून खच्चून भरून यायची आणि हात करणाऱ्यांसमोरून सुसाट निघून जायची. थांबायची ती फक्त मोहोर लावलेल्या टपालाच्या थैलीसाठी. आजची थैली तर सकाळीच गेली होती.

गावितांनी खुंटीवरची रिकामी थैली काढली. वजन यावं म्हणून माळ्यावरची आपली डॉक्टरकीची पेटी तिच्यात घातली, तोंड आवळलं. मोहोरेची लाख लवकर वितळेना. वळणावर बसचा हॉर्न वाजला तेव्हा मोहोर अजून गरम होती.

थैली उंच धरून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बस थांबली.

“टपाल सकाळी नेलं ना, डाक्तर?” कंडक्टर सुनीलने विचारलं.

“हे तातडीचं आहे. सोबत माणूस आहे.”

सुनीलने थैली चाचपली. आतला टणक कोपरा हाताला लागला. मग त्याने बैलगाडीकडे पाहिलं, गाडीखाली ठिबकणाऱ्या रक्ताकडे पाहिलं.

“पुढलं बाकडं खाली करा रे,” तो आत वळून म्हणाला.

मैना वाचली. थैली मात्र नाशिकला उघडली गेली आणि वरून खुलासा मागवला गेला. गावितांनी दोनच वाक्यं लिहिली: थैलीत टपाल नव्हते. बस थांबवायची होती.

दीड महिन्याने त्यांनी किल्ल्या आणि शिक्का नव्या माणसाच्या हवाली केला. देवळ्याला बहिणीकडे जायचं म्हणून परत आलेली पेटी काखेत मारून ते रस्त्यावर आले. त्या दिवशीही बाजार होता. बस दाराशी लोंबकळणाऱ्या माणसांसकट आली. हात करून उपयोग नाही हे ठाऊक असल्याने ते कडेला सरकून उभे राहिले.

बस थांबली.

“या, डाक्तर,” सुनील म्हणाला आणि दारातल्या माणसांना आत रेटू लागला.